पॉपिकॉकवाले गाडेकर सर

आमच्या गावात दहाव्याला श्रद्धांजलीचं भाषण करायला माणूस मिळत नाही. बाकीच्या गावांत उलट असतं. तिथे माईकसाठी झटापट होते, प्रवचनकार महाराज घड्याळाकडे बघत बसतात आणि पिंडाला शिवायला आलेला कावळा कंटाळून दुसऱ्या गावाला निघून जातो. आमच्याकडे मात्र माईक एकटाच उभा असतो, कारण पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गाडेकर सर बसलेले असतात.

एकदा तालुक्याहून एक पुढारी आले. त्यांना आमच्या गावाची कल्पना नव्हती. भागाजी आप्पांबद्दल बोलता बोलता त्यांना भरून आलं. म्हणाले, "आप्पा म्हणजे अजातशत्रू माणूस! उभ्या आयुष्यात त्यांनी मुंगीलासुद्धा दुखावलं नाही."

गाडेकर सर उठले. चष्मा सारखा केला. आणि म्हणाले, "पॉपिकॉक!"

पुढारी थांबले. सर त्यांना वर्गात समजावतात तसं समजावून सांगू लागले. "याच आप्पाने बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाला कुऱ्हाड घेऊन मळाभर पळवलं होतं. मी स्वतः पेरूच्या झाडावरून पाहिलं. माणूस चांगला होता, तापट होता. तसं सांगा की. मेलेल्या माणसाला खोटी शाल कशाला पांघरता?"

ते सख्खे भाऊ, म्हसूनाना, डोक्याला उपरणं गुंडाळून समोरच बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाना म्हणाले, "व्हय, खरं हाय सरांचं. पर कुऱ्हाड न्हवती, कोयता हुता."

सरांनी दुरुस्ती ताबडतोब मान्य केली. पुढारी पुन्हा काही आमच्या गावात कोणाच्या मरणाला आले नाहीत. मतं मागायला येतात, पण तेही गाडीतून न उतरता.

गाडेकर सर आमच्या हायस्कूलचे इंग्रजीचे सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना कोणी कळवलेली दिसत नाही. राहात्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर पेरूच्या बागांना लागून त्यांचं घर. सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बाहेर पडतात आणि दिवसभरात गावात जे जे खोटं बोललं जाईल ते ते तपासतात. काम अफाट आहे, पण ते एकट्याने करतात आणि पगारही मागत नाहीत.

ग्रामसभेत सरपंच म्हणतात, पुढच्या महिन्यापासून पाणी रोज येईल. "पॉपिकॉक." किराणावाला म्हणतो, तेल एकदम घाण्याचं आहे, सर. "पॉपिकॉक." गावाच्या ग्रुपवर निरोप येतो की हळद-गुळाच्या पाण्याने गुडघे पुन्हा तरुण होतात. सर त्याखाली तोच एक शब्द टाकतात आणि दुपारपर्यंत ग्रुपवर कोणी 'शुभ सकाळ'सुद्धा म्हणत नाही. गावाला आधी वाटलं ही शिवी आहे. शिवी असती तर बरं झालं असतं. शिवीला उलटी शिवी देता येते.

मी संपत, सरांचा जुना विद्यार्थी आणि आता गावातला जनावरांचा डॉक्टर. पदवीवाला नव्हे, डिप्लोमावाला. पण आजवर कुठल्या गाईने माझं सर्टिफिकेट बघायला मागितलेलं नाही. गोठ्यात सरांशी गाठ पडली की मला तो शब्द समजावून घ्यावा लागतो. मी तो शंभरदा समजावून घेतलाय, आणि अर्थ कळल्याशिवाय सर कोणाला घरी जाऊ देत नाहीत. तेव्हा तुम्हीही बसा.

"हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे, संपत," सर सुरू करतात. "हॉलंडचा. तिकडच्या बोलीत 'पाप' म्हणजे मऊ, पातळ. आणि 'काक' म्हणजे..." इथे ते थांबतात, जवळपास बायामाणसं आहेत का बघतात आणि "शेण" म्हणतात. मूळ शब्द शेणापेक्षा जरा जास्त खाजगी आहे, पण सर सभ्य आहेत. "पापकाक. मऊ शेण. डच लोक अमेरिकेत गेले तेव्हा शब्द बरोबर घेऊन गेले. तिथून तो विलायतेत आला. ज्या बोलण्याला आकार नाही, बूड नाही, हात लावावा तर आपलाच हात भरतो, ते पॉपिकॉक."

काही विद्वान म्हणे वेगळं सांगतात. त्यांच्या मते सुरुवातीचा शब्द 'मऊ' नसून 'बाहुली' आहे, म्हणजे पॉपिकॉकचा अर्थ बाहुलीचं शेण. या विद्वानांचा विषय निघाला की सरांचं ब्लडप्रेशर वाढतं. "बाहुलीला शेण कुठून येईल? जन्मात कधी गोठा पाहिलाय का या लोकांनी?" या विद्वानांच्या मताला सर काय म्हणतात ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

"आणि मराठीत काय म्हणतात? भाकडकथा! भाकड म्हणजे दूध आटलेली, पुन्हा गाभण न राहणारी गाय. खाणार, पिणार, देणार काही नाही. तशीच ती गोष्ट. बघ, डच माणूस आणि मराठी माणूस एकमेकांना विचारायला गेले नव्हते, पण थापा ऐकून दोघांनाही गोठाच आठवला." हे सांगताना सरांचा चेहरा असा काही फुलतो की वाटावं, दोघांची ओळख त्यांनीच करून दिली.

आता हा शब्द खुद्द इंग्रजसुद्धा वापरत नाहीत. शिर्डीला निघालेला एक गोरा माणूस एकदा आमच्या फाट्यावर चहाला थांबला होता. टेम्पोवाल्याने त्याला खुणा करून सांगितलं की शिर्डी चालत दोन मिनिटांवर आहे. सर बाकड्यावरून गरजले, "पॉपिकॉक!" गोरा इतका हसला की त्याच्या कपातला चहा सांडला. म्हणाला, हा शब्द माझे आजोबा वापरायचे, मी लहानपणानंतर आजच ऐकला. सर आठवडाभर गावात सांगत होते, "आजोबांचा शब्द नातवाने टाकून दिला. आपण सांभाळलाय." आपण म्हणजे अख्खं गाव. गावाला याची कल्पनाच नव्हती.

माझं पहिलं लग्न याच शब्दाने मोडलं. पहिलं म्हणजे झालेलं नव्हे, ठरत असलेलं. कर्जतहून पाहुणे आले होते. प्रतिष्ठित माणूस म्हणून वडिलांनी सरांना बैठकीला बोलावलं. असल्या चुका माणूस एकदाच करतो. माझा मामा पाहुण्यांना सांगत होता, "पोरगं एकदम निर्व्यसनी हाय. सुपारीचं खांडसुदिक तोंडात न्हाई."

"पॉपिकॉक," सर म्हणाले. "दहावीपासून तंबाखू मळतो. मात्र मुलगा मेहनती आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे."

लेखी कोणी मागितलं नाही. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि 'कळवतो' म्हणून गेले. कर्जतहून त्यांचं कळवणं अजून चालू आहे. पुढे माझं लग्न झालं, पोरं झाली, तंबाखूही सुटली. पण त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं की हा माणूस कधी ना कधी खोटं बोलेल, आणि तेव्हा मी तिथे हजर असेन. त्यांचा शब्द त्यांच्याच तोंडावर परत करायचा, चार माणसांदेखत, चष्मा सारखा करून. मला चष्मा नाही, पण तेवढ्यापुरता कोणाचा तरी मागून आणला असता.

वाट बघण्यात वर्षं गेली. सर खोटं बोलेनात. बायकोशीसुद्धा खोटं बोलत नसत, म्हणजे बघा. सुमनकाकू पाहुण्यांना वाढताना रीतीप्रमाणे म्हणायच्या, "काही विशेष नाही हो, घरात होतं तेच केलं." सर पानावरून म्हणायचे, "पॉपिकॉक. सकाळपासून पुरण वाटतेय ही." काकू डोक्यावरचा पदर सावरत म्हणायच्या, "त्या तुमच्या पॉपिकाकाला घेऊन गोठ्यात जाऊन बसा, जा!" आणि हसू लपवायला स्वयंपाकघरात जायच्या.

गोठ्यात त्यांची एकच गाय, काळी-पांढरी, एचएफ. म्हणजे तीही मूळची हॉलंडचीच, आणि शेणाच्या बाबतीत ती आपल्या मुलखाचं नाव राखून होती. सरांनी तिचं नाव मार्गारेट ठेवलं होतं. काकू तिला बाळी म्हणत. गाय 'बाळी' म्हटलं की वळायची, 'मार्गारेट' म्हटलं की शेपटी मारायची. वासरू होती तेव्हापासून काकूंनीच तिला वाढवलेलं, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या हाताला ती पान्हा सोडत नसे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि दहाव्याला पहिल्यांदाच गावाने भाषणं केली, कारण काकूंबद्दल खोटं बोलायची कोणाला गरजच पडली नाही. सर पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकत होते. एकदाही उठले नाहीत.

त्यानंतर सर स्वतः गाईखाली बसायला लागले. "कम ऑन, मार्गारेट," म्हणायचे. मार्गारेट बादली उडवायची. मी सांगितलं, "सर, काकूंचं एखादं जुनं पातळ अंगावर घेऊन बसा. वासाने पान्हा सोडील." सर म्हणाले, "पॉपिकॉक." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडून जात होतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर काकूंचं हिरवं पातळ, डोक्यावरून पदर, आणि सर गाईखाली बसून धार काढताहेत. गाय निवांत रवंथ करत होती. मी डेअरीपर्यंत हसत गेलो आणि तिथे सगळ्यांना सांगितलं. आठवडाभर लोक कामं काढून सरांचा पदर बघायला येत होते. सरांना त्याचं काही नव्हतं. "प्रयोग सिद्ध झाला. सिद्ध झालेल्या गोष्टीची लाज कसली?"

सरांचा मुलगा उमेश पुण्याला असतो. माझ्याच वर्गातला, सरळ माणूस. आई गेल्यावर तो वडिलांना न्यायला आला तेव्हा सरांनी त्याला सांगितलं, "ही दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही. ती देतेय तोवर मी हलणार नाही. ती आटली की येतो. शब्द." सरांचा शब्द म्हणजे काय हे उमेश जन्मापासून ओळखून होता. तो एकटाच परत गेला.

गाय पुन्हा गाभण राहावी म्हणून मी किती खेपा घातल्या ते माझं मला माहीत. ती माजावर आली की मी इंजेक्शन द्यायचो, आणि ती पुन्हा उलटायची. गर्भ धरतच नव्हता. यंदा दूधही आटलं. मग मी सरांना सरळ सांगितलं, "सर, आता ही राहायची नाही. भाकड झाली."

"पॉपिकॉक," सर म्हणाले. पण त्यात जोर नव्हता. मग शर्टाच्या टोकाने ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "उमेशला मी सांगेन. तू नको सांगूस."

उमेशला कोणी सांगायची गरजच नव्हती. डेअरीत घातलेल्या दुधाचा रोजचा मेसेज त्याच्या मोबाईलवर जातो. मेसेज यायचे थांबले. त्यातच सर गोठ्यात घसरून पडले, आणि हे उमेशला शेजाऱ्यांकडून कळलं. परवाच्या रविवारी त्याचा मला फोन आला. "संपत, चार वाजता घरी ये. गाय एकदा बघून दे, तिला गोशाळेत सोडायचंय. जागा चांगली आहे, मी स्वतः बघून आलोय. दादांना आजच घेऊन जातो." वडिलांना तो दादा म्हणतो.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? गावाची सुटका झाली, असं वाटलं. आता दहाव्याला मनसोक्त भाषणं होतील, मामा कोणालाही निर्व्यसनी म्हणू शकेल आणि तेल घाण्याचं असेल. या आनंदात मी मोटरसायकल काढली आणि चारच्या आधीच मागच्या बाजूने गोठ्याशी पोचलो.

सर गाईखाली बसले होते. अंगावर हिरवं पातळ, डोक्यावरून पदर, गुडघ्यांत बादली. गाय आटून महिने झाले होते. सर एका हाताने तिच्या पोटावरून हात फिरवत होते आणि हलक्या आवाजात म्हणत होते, "बाळे... बाळे..." मार्गारेट नाही, बाळे. बादली कोरडी ठणठणीत होती. पण घासून लख्ख केलेली, म्हणजे ती रोज तिथे येत असणार. मला बघून सर दचकले नाहीत. म्हणाले, "धारेची वेळ झाली ना."

आता हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि आजवर हसलो त्याचीही लाज वाटली.

तेवढ्यात पुढच्या दाराशी टेम्पो थांबला. उमेश आत आला, त्याच्यामागे टेम्पोवाला. उमेशने वडिलांच्या अंगावरचं पातळ पाहिलं आणि नजर बाजूला वळवली. "दादा, आपलं ठरलंय ना? आटली ना गाय?"

"आटली," सर म्हणाले.

"मग चला. तुमची बॅग मी भरतो. इथे एकटे पडलात, कोणाला सांगितलंत का? रात्री-बेरात्री काही झालं तर?"

सर उठून उभे राहिले. पातळ अंगावरच होतं. त्यांनी गाईकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "गाभण आहे ती."

मी ज्याची वीस-बावीस वर्षं वाट बघितली ते हे वाक्य. धडधडीत खोटं, साक्षीदारांसमोर, तेही ज्याने खरं काय ते सांगितलं त्याच्याच तोंडावर! कर्जतचे पाहुणे, मामा, ते पोहे, सगळे माझ्यामागे येऊन उभे राहिले. शब्द ओठावर आला. आणि मी सरांकडे पाहिलं. गृहपाठ न केलेलं पोर सरांकडे बघतं तसे सर माझ्याकडे बघत होते.

उमेश म्हणाला, "संपत, तू तपास. तू सांगशील ते खरं."

माझ्याकडचे तपासायचे हातमोजे संपले होते. बाही वर करून गाईच्या मागून तसाच हात आत घातला. आत काय आहे ते मला माहीत होतं. काही नव्हतं. तरी मी हात काढेना. टेम्पोवाल्याला काळजी वाटली. "डॉक्टर, घावंना का काय?"

"घावलं," मी म्हणालो. "गाभण आहे. अडीच महिन्यांची."

"नक्की?" उमेशने विचारलं.

"हात माझा आत आहे, का तुझा?"

उमेशने गाईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मग पुढे होऊन त्याने वडिलांच्या खांद्यावरून घसरलेला पदर उचलला, क्षणभर हातात धरला आणि नीट खांद्यावर ठेवला. टेम्पोवाल्याला म्हणाला, "जा बाबा तू. गाभण गाय कुठे हलवायची?" आणि सरांना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. गोठ्यात रबरी मॅट टाकू. घसरता तुम्ही." त्याला कळलं की नाही ते मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

तो चहा ठेवायला घरात गेला. आमच्याकडे जनावर तपासून झालं की मालकाने डॉक्टरच्या हातावर पाणी घालायची रीत आहे. सरांनी कोमट पाणी आणलं, साबण आणला. तांब्या धरून ते माझ्यासमोर उभे राहिले. मी वाट बघत होतो. माझ्या खोटेपणाला आता तो शब्द मिळणार, हे ठरलेलंच होतं. तो येईना, तेव्हा मीच म्हणालो, "सर, म्हणून टाका."

"काय?"

"तुमचा शब्द. हातभर पुरावा घेऊन उभा आहे मी." खांद्यापर्यंत मऊ हॉलंडी शेणाने भरलेला हात मी पुढे केला.

सरांनी हाताकडे पाहिलं. "कुठला शब्द?" म्हणाले. "आठवत नाही बुवा. वय झालं."

हे तर त्याहून धडधडीत होतं. एका दिवसात दुसरी संधी! मी तोंड उघडलं, आणि "येतो सर" म्हणालो.

"उद्या ये," सर म्हणाले. "तपासायला."

"रोज तपासायची नसते, सर."

"तरी ये."

मी जातो. रोज संध्याकाळी, धारेच्या वेळेला. नऊ महिने भरल्यावर वासरू कुठून आणायचं याचा विचार मी अजून केलेला नाही. डेअरीवर लोक विचारतात, "डॉक्टर, सरांची गाय कशी हाय?" मी सांगतो, गाभण आहे. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला जनावरातलं माझ्याइतकंच कळतं. सगळे नुसती मान हलवतात. काल म्हसूनाना कॅन सायकलला अडकवत होते. ज्यांनी सख्ख्या भावाच्या दहाव्याला कुऱ्हाडीचा कोयता केला, ते नाना. ते थांबले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "व्हय, आमी सकाळीच बघितली. पोट दिसाया लागलंय आता."